लाल पुठ्ठ्यातला साहेब

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिशा त्यांच्यामागे छापतात. माझी छापायची नाही, ही फक्त माझ्यासाठी आहे. तरी अक्षर सुवाच्य ठेवावं आणि समास सोडावा.

कारण तसंच घडलंय. काल ग्रंथपाल बाई घरी आल्या. वाचकमंडळाचं वार्षिक व्याख्यान यंदा मी द्यायचं! विषय : त्या इंग्रज उपहासकाराच्या लघुकथा आजही का वाचल्या जातात. ठरलेल्या प्राध्यापकांचा गुडघा ऐनवेळी बिघडला आणि दुसरं कुणी मिळेना, म्हणून आले, असं बाई म्हणाल्या. एकेकाची बोलायची पद्धत असते.

या लेखकाला मी नुसतं 'साहेब' म्हणतो. कादंबरीकार म्हणून तो जगाला माहीत. त्याच्या गोष्टी मात्र मला माहीत. जाऊन कितीतरी वर्षं झाली त्याला, तरी नवी आवृत्ती निघालीय म्हणे. बाई मंडळासाठी पंचवीस प्रती मागवणार आहेत. मला एक देऊ केली. मी हसून नको म्हटलं. माझ्याकडे माझी प्रत आहे.

तिच्याबद्दल इथे लिहून ठेवतो. बत्तीस वर्षं मी लायब्ररीत बाइंडर होतो. एकोणीस वर्षांपूर्वी हे पुस्तक पार खिळखिळं होऊन टेबलावर आलं. सोळा सोळा पानांचे सगळे फर्मे सुटे, खाली पडलेले. मी स्वतः गोळा केले, स्वतः शिवले, स्वतः लाल कापड चढवलं. धाकट्या भावाला हातसुद्धा लावू दिला नाही. कटिंग जरा खोल गेलं, त्यात तळाचे पानांचे आकडे उडाले. बरंच झालं. आकडे बघत वाचतो तो कसला वाचक? त्यानंतर तेरा वर्षं पुस्तक कपाटात होतं. कार्डावर एकही शिक्का नाही, इतकं जपलं लोकांनी. मी निवृत्त झालो तेव्हा लायब्ररीने तेच मला भेट दिलं.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिठ्ठी असते : बांधल्याची तारीख, बांधणाऱ्याचं नाव. नावाची जागा मी कायम कोरी ठेवली. कारागिराने मिरवू नये. धाकटा मात्र प्रत्येक पुस्तकात नाव लिहितो. चूक निघाली तर कुणाकडे यायचं ते कळावं, म्हणतो. आपल्या चुका निघणार हे आधीच धरून चालणारा माणूस. कसा वर येणार?

संकल्प : १) रोज दोन तास अभ्यास. २) चहा एकदाच. ३) भाषण कागदाशिवाय.

२ नोव्हेंबर, रविवार.
धाकटा दर रविवारी सकाळी चहाला येतो, तसा आला. चेहरा उतरलेला. कमिटी बाइंडिंगची खोली बंद करायची म्हणतेय. चेअरमनचं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे त्याला जुनं काही बघवत नाही. तिथे कॉम्प्युटर ठेवणार. १ डिसेंबरला मीटिंग, तिथेच निकाल. खोली गेली की धाकट्याची नोकरी गेली. चोपन्न वय, पोरीचं शिक्षण अर्ध्यावर, आणि त्याला या कामाखेरीज काही येत नाही. खळ लावून लावून उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषासुद्धा गुळगुळीत झाल्यात.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, घाबरू नकोस. माझं व्याख्यान २९ ला आहे. अख्खी कमिटी पहिल्या रांगेत असेल. बाइंडर म्हणजे काय चीज असते ते एकदा कळलं की खोलीला हात लावायची कुणाची छाती होणार नाही.
तो म्हणाला, दादा, तुझ्यावरच आहे आता.
चहा दोनदा झाला. प्रसंगच तसा होता.

५ नोव्हेंबर. दुपार.
अभ्यास सुरू. डिक्शनरी उजव्या हाताला. दोन तासांचा संकल्प होता, पण डोळ्यांना वीस मिनिटांत ताण आला. त्या वीस मिनिटांत जे सापडलं ते इतरांना वीस वर्षांत सापडलेलं नाही.

तिसरी गोष्ट. बोर्डिंग शाळेचा मुख्याध्यापक. शाळेचा चांदीचा कप गुपचूप विकतो आणि आळ माळ्यावर घालतो. माळी बिचारा मुका नाही, पण बोलत नाही. सगळे विश्वस्त जमतात. मुख्याध्यापक किल्ली काढतो, कपाट उघडतो आणि... पान उलटावं तर एक म्हातारी टोपीसकट समुद्रात पडते! जहाजावर बँड वाजतोय, कुणाचं लक्ष नाही, टोपी तेवढी तरंगतेय. संपली गोष्ट.

अंगावर काटा आला. कोण म्हातारी? कुठला समुद्र? साहेब सांगतच नाही. चोर एक, बुडते भलतीच. सातव्या गोष्टीत याच्या उलट. जहाजावरची श्रीमंत म्हातारी आपल्या सोबतिणीला छळ छळ छळते, आणि शेवटी कुणीतरी स्वतःची ट्रंक स्वतः उचलून शाळेच्या पायऱ्या उतरतो, खिडक्यांतून पोरं बघतात. जहाजावर शाळा असावी.

सिद्धांत सापडला : गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला. म्हणून साहेबाला आजही वाचतात. कारण जग असंच आहे! मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून टेबलासमोर लावलं.

७ नोव्हेंबर.
पहिली तालीम, बायकोसमोर. ती मटार सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, अहो, पण ती म्हातारी आली कुठून?
मी म्हणालो, हाच प्रश्न! साहेबाने तो तुझ्यासारखीच्या तोंडून वदवून घेतला, हीच त्याची ताकद.
ती म्हणाली, माझ्यासारखीच्या म्हणजे?
तालीम तिथेच थांबली.

९ नोव्हेंबर, रविवार.
धाकट्याला पुस्तक दाखवलं. त्याने आधी वास घेतला, मग पाठीवरून बोट फिरवलं, मग शिलाई मोजली. मजकूर वाचायची त्याला सवय नाही. मग तिसऱ्या गोष्टीशी थांबला. मागे गेला, पुढे गेला, सातवीवर गेला, परत आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. म्हणाला, दादा, हे दोन दिवस मला दे. शिलाई सैल झालीय.
माझी शिलाई आणि सैल!
हळूच पुन्हा म्हणाला, दादा, त्यातले फर्मे...
मी तिथेच तोडलं. म्हणालो, फर्म्यांचं बोलू नकोस, आशयाचं बोल. आयुष्यभर पुठ्ठे चिकटवलेस, आता एकदा आत बघ.
मी पुस्तक कपाटात ठेवून किल्ली लावली. हेवा कुणालाही वाटू शकतो, सख्ख्या भावालाही. मी मनावर घेतलेलं नाही.

१३ नोव्हेंबर.
लायब्ररीत गेलो होतो. नव्या प्रती आल्या. पातळ कागद, पाठीला नुसता गोंद. शिलाई नाहीच! पंचवीसच्या पंचवीस दोन दिवसांत सभासदांनी नेल्या, नंबर लागलेत. माझ्या व्याख्यानाचा परिणाम व्याख्यानाआधीच दिसू लागला.

तिथे मास्तरीणबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. यांनी आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत. म्हणाल्या, तिसरी गोष्ट मला फार आवडते, शेवट किती न्यायाचा आहे.
न्यायाचा! मनातल्या मनात हसलो. २९ ला कळेल बाईंना.

१६ नोव्हेंबर, रविवार.
धाकट्याने स्वतःच्या नंबरावर मिळालेली नवी प्रत आणली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. आत तिसऱ्या गोष्टीत खूण घातलेली. म्हणाला, दादा, एकदाच यातून वाच. माझ्यासाठी.
बरं म्हटलं. तालमीचं टेबल एका पायाने लंगडं आहे, डुगडुगतं. त्याखाली प्रत बरोब्बर बसली. नव्या छपाईचा काहीतरी उपयोग झाला.

बायको म्हणाली, भावजींनी विनंती केली होती ना हो?
म्हटलं, वाचणार आहे. टेबल दुरुस्त झालं की.

२१ नोव्हेंबर.
घसा बसला. मोठ्याने तालीम केल्यामुळे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. शेजारी विचारायला आले, घरात भांडण चाललंय का.
अभ्यास नाही. विश्रांती हाही अभ्यासच.

२३ नोव्हेंबर, रविवार.
धाकटा आला. चहा घेतला नाही. म्हणाला, दादा, तू पहिल्या गोष्टीवर बोल ना. ती छान आहे. सरळ आहे.
मी म्हणालो, सरळ गोष्टी सांगायला मी कशाला हवा?
मग दारात उभा राहून बराच वेळ चपला घालत होता. शेवटी म्हणाला, दादा, कमिटी समोर असेल रे. खोलीचा प्रश्न आहे.
म्हणालो, म्हणून तर तिसरी गोष्ट! आणि भाषणाच्या शेवटी लाल पुस्तक असं उंच धरून म्हणणार आहे : एकोणीस वर्षं झाली, एक पान हललेलं नाही. हे काम कॉम्प्युटर करेल का?
त्याने डोळे मिटून घेतले. भारावला असणार.

२८ नोव्हेंबर.
तयारी पूर्ण. कोट इस्त्री झाला. भाषण चाळीस मिनिटं. टाळ्यांना सहा धरलीत. कागदाशिवाय बोलणार. कागद खिशात असेल, नुसता आधाराला.
उद्या हे माझ्यासाठी नाही. हे धाकट्यासाठी.

२९ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ८.
सभागृह भरलेलं. एकतीस माणसं मोजली, कमिटी पहिल्या रांगेत, धाकटा अगदी मागे दाराशी. बहुतेकांच्या मांडीवर नवी प्रत. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

सुरुवात उत्तम. मग म्हणालो, उघडा तिसरी गोष्ट. मी माझ्या लाल पुस्तकातून वाचलं : कपाट उघडलं, आणि म्हातारी टोपीसकट पाण्यात पडली. सगळीकडे पानं सळसळू लागली. लोक मागे जातायत, पुढे जातायत, शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावतायत. मला वाटलं, पेटलेत. आवाज वाढवला. गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला! टेबलावर मूठ आपटली. हे टेबल डुगडुगणारं नव्हतं, हाताला लागलं.

मास्तरीणबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, आमच्या पुस्तकात म्हातारी सातव्या गोष्टीत बुडते. आणि बरं होतं, सोबतिणीला छळत असते ती. तिसरीत मुख्याध्यापक पकडला जातो. तुम्ही कुठलं वाचताय?
मी म्हणालो, बाई, नव्या छपाईत काटछाट करतात. मूळ हे.
कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ, ज्यांची तीन पुस्तकं मी फुकट शिवून दिलीत, ते डोळे पुसायला लागले.

चेअरमन उठून स्टेजवर आला. लाल पुस्तक घेतलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. म्हणाला, यात पानांचे आकडेच नाहीत की हो! एका गोष्टीची सोळा पानं उचलून दुसरीत शिवलीयत. मग मागचा पुठ्ठा उघडला. चिठ्ठी बघितली. तारीख आहे, नाव नाही. पुस्तक कमिटीकडे वळवून धरलं, मी धरणार होतो तसंच उंच, आणि माइकमधून विचारलं, आपल्याच बाइंडिंग विभागाचं काम दिसतंय. बांधलं कुणी हे?

मी पाणी पीत होतो. घशाला कोरड पडली होती, आठ दिवस घसा बरा नव्हताच. तोंडात घोट असताना माणूस बोलणार कसा? तो घोट गिळेपर्यंत मागून आवाज आला. धाकट्याचा.
म्हणाला, चेअरमनसाहेब, माझ्याकडून झालं असेल ते.

मग सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. पुन्हा भरला.
टाळ्यांना धरलेली सहा मिनिटं वाचली.

३० नोव्हेंबर, रविवार.
शांतपणे विचार केला. एकोणीस वर्षं म्हणजे थोडा काळ नाही. कुणी काय शिवलं हे कुणाला आठवतं? दोघंही त्या खोलीत होतो. फर्मे त्याने गोळा केलेले असू शकतात. तो स्वतः म्हणतोय तर त्याला आठवत असेल. लहानपणापासून त्याची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी.

१ नोव्हेंबरचं पान उगाच चाळलं. माणूस उत्साहात काहीबाही लिहितो.

चहाला धाकटा आला नाही. बायकोने त्याचा कप मांडला होता, तो परत उचलून ठेवला. मला म्हणाली, अहो, तुम्ही का नाही बोललात?
म्हटलं, तोंडात पाणी होतं.
ती म्हणाली, अजून आहे का?

१ डिसेंबर, सोमवार.
आज मीटिंग. संध्याकाळी पाचला. संकल्प : जाऊन सगळं स्पष्ट सांगायचं. तोंडी बोलण्यात घोळ होतो, म्हणून पत्र लिहायला बसलो. पहिली चार पानं साहेबाच्या लघुकथेवर झाली, ती आवश्यकच होती. खोलीचा विषय पाचव्या पानावर घेणार होतो. चौथं संपलं तेव्हा सव्वासहा वाजले होते.

ग्रंथपाल बाईंचा फोन आला. खोली बंद. नऊ विरुद्ध शून्य. चर्चा झालीच नाही म्हणे, लाल पुस्तक टेबलावर ठेवलं होतं तेवढं पुरलं. धाकट्याला ३१ तारखेपर्यंत मुदत. बाई म्हणाल्या, तुमच्या भावांनी फक्त ते लाल पुस्तक परत मागितलं. मग विचारलं, ते तुमचंच काम होतं ना हो?
मी म्हणालो, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही.
लाइन चांगली होती. पण फोन जुना आहे.

४ डिसेंबर.
बायको धाकट्याकडे डबा घेऊन गेली. मला न विचारता. तालमीचं टेबल पुन्हा डुगडुगतंय. खालची नवी प्रत ती जाताना काढून घेऊन गेली.

७ डिसेंबर, रविवार.
धाकटा नाही.
वाचकमंडळाचं पत्र आलं. वाचकांच्या आग्रहास्तव साहेबावर पुन्हा व्याख्यान, मास्तरीणबाईंचं. आणखी वीस प्रती मागवल्यात. व्याख्यानात लोक इतके हसले की बाहेरच्यांनाही पुस्तक वाचावंसं वाटतंय, असं लिहिलंय. म्हणजे यश माझंच. साहेबाला आजही का वाचतात याचं एक कारण आता मी आहे.
हे बायकोला वाचून दाखवलं. ती मटार सोलत राहिली.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी १०.
दार वाजलं. मी दोन कप मांडायला सांगितले. बायको दाराशी जाऊन आली. धाकटा उंबऱ्यावरूनच गेला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी देऊन. वहिनी, हे दादाला, एवढंच म्हणाला.

लाल पुस्तक. उसवून पुन्हा बांधलंय. त्या खोलीतलं बहुधा शेवटचं काम. कापड माझंच ठेवलंय, कोपरे नव्याने दुमडलेत. शिलाई अशी की उघडलं की सपाट पडतं, दाबावं लागत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक पेन्सिलीने आकडा घातलाय. दोनशे छप्पन्न पानं. एकूण एक.

तिसरी गोष्ट वाचली. आधीचं ठाऊकच होतं, पान उलटलं. म्हातारी नाही. कपाटातून कप विकल्याची पावती खाली पडते. मुख्याध्यापक काही बोलत नाही. माळीही बोलत नाही, त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग मुख्याध्यापक स्वतःची ट्रंक स्वतः उचलून पायऱ्या उतरतो, खिडक्यांतून पोरं बघतात. माळी तेवढा फाटक उघडून धरतो.

साधीच गोष्ट निघाली. ज्याचा गुन्हा त्यालाच शिक्षा. असं कुठे असतं? माझ्या बांधणीत ती जास्त खरी होती.

दुपारी १२.
मागचा पुठ्ठा उघडून बघितला. आत नवी चिठ्ठी चिकटवलीय. तारीख दोन्ही वेळची घातलीय : एकोणीस वर्षांपूर्वीची, आणि खाली कालची. कालच्या तारखेसमोर त्याचं नाव. जुन्या तारखेसमोरची जागा कोरी. रेघ मात्र आखून ठेवलीय. पट्टीने.

बायको समोर येऊन उभी राहिली. टेबल डुगडुगत होतं, तिने हाताने धरून ठेवलं, मला लिहिता यावं म्हणून.

पेन काढलं. शाई अगदी तळाला आलीय. थोडीशीच आहे.
रोजनिशीला लागेल.